मदत हवी आहे: शॉर्टफिल्म आणि गाणं कुठं रिलीज करू? यूट्यूब, व्हिमिओ की ओटीटी?

लालमाती_फिल्म्स
नमस्कार मंडळी, कुस्तीवरची शॉर्टफिल्म तयार आहे, गाणं पण तयार आहे, आता टाकायचं कुठं एवढंच लवकर सांगा. टीममधले निम्मे म्हणतात यूट्यूब, निम्मे म्हणतात तिथं शॉर्ट्सच्या गर्दीत कोण बघणार, व्हिमिओ बघ, आणि एकजण ओटीटीला द्यायच्या मागं लागलाय. जोतिबाच्या यात्रेआधी काढायचंय, तालमीतली पोरं रोज विचारालेत. ट्रायल म्हणून यूट्यूबला प्रायव्हेट टाकून बघितलं तर गाणं गेलं पण फिल्म जातच नाही. प्लीज सिरीयस उत्तरं द्या, लय जणांनी बिनपैशाचं काम केलंय ह्यात.

शाहूपुरी_एडिट
फिल्म किती मिनिटांची? चॅनेल नवीन आहे का? एरर काय येतोय?

लालमाती_फिल्म्स
२८ मिनिटं. चॅनेल आत्ताच काढलंय. व्हिडिओ फार मोठा आहे असं काहीतरी येतंय.

शाहूपुरी_एडिट
मग फोन नंबर व्हेरिफाय केला नसशील. तोपर्यंत १५ मिनिटांच्या वरचं चढत नाही. केलास की १२ तासांपर्यंत किंवा २५६ जीबीपर्यंत चालतं. आणि फाईल १०८०पी ची असली तरी ४के ला अपस्केल करून (म्हणजे मोठी करून) टाक, यूट्यूब जास्त बिटरेट (दर सेकंदाला जास्त डेटा) देतंय, धुळीचे आणि मातीचे शॉट फुटत नाहीत.

पन्हाळा_फ्रेम्स
थांबा जरा. फेस्टिवलला पाठवलीय का? आधी ते सांग.

लालमाती_फिल्म्स
पाठवलीय दोन-तीन ठिकाणी, अजून उत्तर नाही. त्याचा इथं काय संबंध?

पन्हाळा_फ्रेम्स
तोच तर संबंध आहे भावा! काही फेस्टिवल ऑनलाइन पब्लिक झालेली फिल्म घेतच नाहीत, काहींना चालते, प्रत्येकाचे नियम वेगळे. एकदा पब्लिक केलीस आणि कुणी म्हणालं आम्हाला प्रीमियर, म्हणजे पहिला शो, पाहिजे, तर नंतर डिलीट करून उपयोग नाही. निकाल येईपर्यंत पासवर्ड घालून व्हिमिओवर ठेव. तिथं जाहिराती नाहीत, आणि पेड प्लॅनला एडिट बदललं तरी त्याच लिंकवर नवीन फाईल चढवता येते, यूट्यूबला नवीन फाईल म्हणजे नवीन लिंक. पाठवलेल्या फॉर्ममधली लिंक मोडत नाही, हे लय महत्त्वाचं आहे.

राजारामपुरी_क्रिएटर
व्हिमिओवर कोण बघतंय? तालमीतल्या एका तरी पोराच्या फोनमध्ये ते ॲप आहे का विचार. यूट्यूबलाच टाक आणि हिशोब बघ. जाहिरातीचे पैसे चालू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास लागतात. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. ४ मिनिटांचं गाणं असेल तर ६० हजार जणांनी शेवटपर्यंत बघायला पाहिजे, तेच २८ मिनिटांची फिल्म साडेआठ हजार जणांनी पूर्ण बघितली की झालं. फिल्म लपवून ठेवून काय मिळणार?

पन्हाळा_फ्रेम्स
२८ मिनिटं पूर्ण बघणारी साडेआठ हजार माणसं नवीन चॅनेलला कुठनं आणणार ते पण सांगा की. आणि त्याला पैसे पाहिजेत की लोकांनी बघायला पाहिजे, हे अजून त्यानं सांगितलेलंच नाही.

लालमाती_फिल्म्स
पैशाचं नंतर बघू, लोकांनी बघावं एवढंच. वस्तादांनी बघावं.

जुना_पडदा
पोरांनो, तुमचं भांडण वाचून वाईट वाटतंय. १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी आपल्या याच कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली, आणि आपण आज फोनवर दाखवायचं का व्हिमिओवर यावर वाद घालतोय. कुस्तीची फिल्म आहे तर तालमीच्या पोरांना आणि वस्तादांना मोठ्या पडद्यावर दाखवा, एखादा हॉल घ्या. पण आधी सेन्सॉर सर्टिफिकेट काढा, त्याशिवाय काहीच करू नका.

शाहूपुरी_एडिट
काका, यूट्यूबला सेन्सॉर सर्टिफिकेट लागत नाही, तो पोरगा उगाच घाबरंल. थिएटरात पब्लिक शो करायचा असेल तर लागतं. नॅशनल अवॉर्डला पाठवायची असेल तरी लागतं.

जुना_पडदा
नॅशनल अवॉर्डला का पाठवू नये? कोल्हापूरच्या पोरांनी मोठं स्वप्न बघायला काय हरकत आहे?

गंगावेस_हलगी
मला गाण्याचं विचारायचंय, त्यात म्युझिक कुणाचं आहे?

लालमाती_फिल्म्स
हलगी, घुमकं, कैताळ आपल्याच पोरांनी वाजवलंय, रेकॉर्डिंग इथलंच. खालची बीट ऑनलाइन विकत घेतलीय, पावती आहे. कॉपीराइटचा काही प्रॉब्लेम नाही.

गंगावेस_हलगी
पावती कसली आहे ते बघ, लीज (नुसती वापरायची परवानगी) का एक्सक्लुझिव्ह (फक्त तुलाच दिलेली). लीजवाली बीट तो माणूस अजून पन्नास जणांना विकतो, आणि बऱ्याच लीजमध्ये किती व्ह्यूजपर्यंत चालेल ते पण लिहिलेलं असतं. त्यातल्या कुणी स्वतःचं गाणं कंटेंट आयडीला (यूट्यूबची सारखं म्युझिक आपोआप पकडणारी सिस्टीम) नोंदवलं तर तुझ्या हलगीच्या गाण्यावर त्याचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येणार. डिस्प्यूट टाकता येतो, पण समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, तेवढ्यात यात्रा संपती. आणि तू पण डिस्ट्रिब्युटरकडं (गाणं सगळ्या म्युझिक ॲपवर चढवणारी कंपनी) गाणं देताना फॉर्मवरच्या कंटेंट आयडीच्या खुणेला हात लावू नको, बीट तुझी एकट्याची नाही.

राजारामपुरी_क्रिएटर
क्लेम म्हणजे स्ट्राइक (यूट्यूबची नियम मोडल्याची ताकीद) नव्हे हं, चॅनेल जात नाही त्यानं. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेल जातं.

गंगावेस_हलगी
चॅनेल जाऊ दे की राहू दे, आमच्या वाजवण्याचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात का जावेत?

सांगलीकर_०९
ओटीटीचं मी सांगतो. आमची फिल्म एका ॲपनं घेतली, करारात पाच वर्षं एक्सक्लुझिव्ह होतं, ॲपला बघणारे नव्हते आणि आम्हाला यूट्यूबला पण टाकता येईना. सही करायच्या आधी मुदत आणि एक्सक्लुझिव्ह हे दोन शब्द बघा. शॉर्टफिल्म घेणारी मोठी यूट्यूब चॅनेलं असतात त्यांच्याशी बोला, पण तिथं पण हेच दोन शब्द बघा.

लालमाती_फिल्म्स
पावती बघितली, नॉन एक्सक्लुझिव्ह लिहिलंय आणि ५ लाख स्ट्रीमपर्यंत. म्हणजे गाणं काढूच नको का?

गंगावेस_हलगी
काढ की! गाणं यात्रेआधी यूट्यूबला प्रीमियर लावून (ठरलेल्या वेळी सगळ्यांना एकदम दिसेल असं) सोड, ५ लाखाच्या जवळ आलं की लायसन्स वाढवून घे. बीटवाल्याला आत्ताच मेल कर, पावती आणि त्याचं उत्तर जपून ठेव, क्लेम आला तर तेच दाखवायचं. आणि हलगी-घुमक्याच्या पोरांची सही कागदावर घे, वाजवणाऱ्याचा पण कायद्यानं हक्क असतो. डिस्क्रिप्शनमध्ये त्यांची नावं वर घाल, शेवटी नाही.

पन्हाळा_फ्रेम्स
आणि फिल्म मात्र, फेस्टिवलचे निकाल येईपर्यंत पासवर्डच्या लिंकवरच. वस्तादांना स्वतः जाऊन दाखव, त्याला कुठलं प्लॅटफॉर्म लागत नाही.

लालमाती_फिल्म्स
ठरलं, गाणं यूट्यूबला, फिल्म पासवर्डवर. नंबर व्हेरिफाय झाला. पण प्रीमियरला वेळ कुठली ठेवू, पोरं संध्याकाळी मेहनतीला असतात?

राजारामपुरी_क्रिएटर
रात्री साडेनऊ. जेवणं झालेली असतात.

तांबडा_पांढरा
हलगी कुठल्या माइकवर रेकॉर्ड केली? आमच्या रेकॉर्डिंगला दरवेळी फाटती.