शिरजोर म्हणजे हेडस्ट्राँग का?

विजापूर_वेस: एका स्मरणिकेसाठी मे १९३० च्या सोलापूरवरचा इंग्रजी लेख मराठीत आणतोय. शहरातून इंग्रजांचा अंमल उठला ते तीन दिवस, मग मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी, हे सगळं आपल्याला पाठ आहे. अडलंय एकाच वाक्यात. गिरणी कामगारांना लेखक ओळीने रेस्टिव्ह, अनरूली आणि रिकॅल्सिट्रंट म्हणतो. मी केलं ‘अस्वस्थ, बेशिस्त आणि मुजोर’. वडिलांनी चष्मा कपाळावर सारला. “मुजोर कुणाला म्हणतोस? तुझे पणजोबा मागावर होते तिथं.” तीन शब्द सुचवा, आणि पणजोबांचा मान राखून सुचवा.

कडक_भाकरी: बाबांचं बरोबर आहे. मुजोर हा वरच्याने खालच्याला घालायचा शब्द. नोकर मुजोर, रिक्षावाला मुजोर.

नवी_पेठ: असं काही नाही. ‘मुजोर अधिकारी’ रोज पेपरात असतो.

कडक_भाकरी: असतो, कारण आता आपण स्वतःला त्याचे मालक समजतो.

टांगेवाल्याचा_नातू: मुजोर मुळात घोड्याचा शब्द. मुंहजोर. लगाम खेचला तरी तोंड न वळवणारा. आजोबांचा एक घोडा तसाच होता, स्टेशनकडे वळवला की हा बाजाराकडे. गंमत म्हणजे तुमचे इंग्रजी शब्दही तबेल्यातलेच आहेत. रिकॅल्सिट्रंटमध्ये लॅटिनमधली टाच आहे, म्हणजे लाथा झाडणारा. रेस्टिव्ह तर पूर्वी जागचं न हलणाऱ्या घोड्याला म्हणत, आपला अडेलतट्टूच. आता अर्थ फिरून चुळबुळणारा झालाय. तेव्हा जुना अर्थ घेऊ नका, त्या मे महिन्यात सोलापूर जागचं हललं होतं.

विजापूर_वेस: मग हेडस्ट्राँग म्हणजे शिरजोर, असंच ना? तुकड्याला तुकडा जुळतो.

शेंगा_चटणी: तुकडे जुळतात हो, माणसं जुळत नाहीत. माझी आत्या हेडस्ट्राँग. १९७४ साली घरात सगळे नको म्हणत असताना सायकल शिकली आणि सायकलवरूनच कॉलेजला गेली. तिला कुणी शिरजोर म्हणालं नाही, ‘हेक्याची’ म्हणायचे. शिरजोर व्हायला आधी काहीतरी चुकावं लागतं. चोर तो चोर वर शिरजोर. आधी चोरी, मग आवाज.

शुद्धमराठी: लगाम फारसी, जोर फारसी. मराठीत शब्द नाहीत का? अनरूलीला ‘उच्छृंखल’ सरळ बसतो.

टांगेवाल्याचा_नातू: त्यात शृंखला आहे, साहेब. लगाम नको म्हणून साखळी?

शुद्धमराठी: साखळी आपली आहे.

पूर्वभाग: 😀 आमच्या घरी तेलुगूत हट्टी पोराला ‘मोंडी’ म्हणतात. आणि धार गेलेल्या सुरीलाही मोंडीच. आजी दोन्हींवर एकाच सुरात वैतागायची. कितीही घासा, कापत नाही. मराठीत ही बोथट हट्टाची छटा नाही बहुतेक.

नवी_पेठ: ‘मुंडी’ त्यातूनच आली असणार! मुंडी हलवून नाही म्हणणारा तो मोंडी.

शेंगा_चटणी: मुंडी संस्कृत मुंडवरून. काहीही जोडू नका. आणि बोथट हट्टाला ‘कोडगा’ आहे की.

पूर्वभाग: कोडग्याला लाज नसते. मोंडीला लाज असते, पण ऐकत नाही.

बॉयलरवाला: मी साखर कारखान्यात होतो, इंग्रजी बेताचं. पण याच घराण्यातला एक शब्द आम्ही रोज वापरायचो, रिफ्रॅक्टरी. बॉयलरच्या आतल्या विटा. अख्खा हंगाम चिपाड जळतं, वीट वितळत नाही. पुतणी डॉक्टर आहे, ती म्हणते औषधांना न जुमानणाऱ्या फिट्सनाही रिफ्रॅक्टरी म्हणतात. त्याला मराठीत विशेषण शोधू नये. ‘दाद देत नाही’ म्हणावं. विटेलाही बसतं, आजारालाही, माणसालाही. आपली भाषा इथे क्रियापदावर चालते बघा. जुमानत नाही, आवरत नाही, बधत नाही, ऐकत नाही. इंग्रजी माणसावर शिक्का मारतं. आपल्यात समोर सांगणाराही उभा दिसतो, कुणाला जुमानत नाही ते.

विजापूर_वेस: हे आवडलं. ‘कामगार धुमसत होते, आवरेनासे झाले होते आणि सरकारला जुमानत नव्हते.’ वडिलांना वाचून दाखवतो.

शुद्धमराठी: ‘सरकार’ही फारसी. आणि हो, ‘दाद’सुद्धा.

कडक_भाकरी: मग १९३० साली कुणाला जुमानत नव्हते म्हणायचं? शासनाला?

शुद्धमराठी: शासनाला. त्यात वाईट काय?

शेंगा_चटणी: शासन म्हणजे शिक्षाही. मार्शल लॉत तीच मिळाली.

विजापूर_वेस: वाचून दाखवलं. वडील म्हणाले ‘आवरेनासे’ काढ, कामगार काय उतू जाणारं दूध होतं का. आता तिथं काय घालू?

पूर्वभाग: ते सांगतो नंतर. आधी मला सांगा, बिनधारेच्या सुरीला सोलापुरात बोथट म्हणतात की बोथड? आमच्याकडे यावरून सकाळपासून भांडण चालू आहे.

नवी_पेठ: बोथट. बोथड कुणीच म्हणत नाही.

टांगेवाल्याचा_नातू: आम्ही म्हणतो की.