दुसऱ्या सीझनचे राहिलेले भाग कुठे मिळतील? (मदत हवी आहे, रविवारच्या आत)

मंजुळा_२१
दुसऱ्या सीझनचे भाग नवव्यानंतर दिसतच नाहीयेत. पहिल्याचे बाराही नीट दिसले होते. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, टीव्ही बंद-चालू केला, पासवर्डही बदलून झाला. उरलेले तीन भाग कुठे मिळतील? रविवारच्या आत हवेत. माहीत असेल त्यांनी कृपया लगेच सांगा.

खारीक_बदाम
कुठली मालिका? कुठलं अ‍ॅप? देश कुठला?

मंजुळा_२१
ती प्राणी पकडणाऱ्या सरकारी माणसांची. विनोदी आहे.

रानवाटा
प्राण्यांचंच बघायचं असेल तर माहितीपट बघा. विनोदी मालिकांत प्राण्यांना त्रास देतात, मला ते बघवत नाही.

दत्तू_डोंबिवली
सरळ व्हीपीएन घ्या आणि देश अमेरिका ठेवा. माझ्याकडे चार वर्षं चालू आहे, सगळं दिसतं.

खारीक_बदाम
दत्तूशेठ, त्या आहेत कुठे हे तरी आधी कळू दे.

मंजुळा_२१
आम्ही अमेरिकेतच आहोत. रेडमंड, सिअ‍ॅटलच्या बाजूला. हुलूवर बघतोय. मालिका 'अ‍ॅनिमल कंट्रोल'.

दत्तू_डोंबिवली
मग देश कॅनडा ठेवून बघा.

पावसाळी_सिअ‍ॅटल
ताई, काहीही ठेवू नका. राहिलेले भाग नाहीतच. दुसरा सीझन नऊच भागांचा आहे. ६ मार्च २०२४ ला सुरू झाला, मे महिन्यात संपला. तिसरा २ जानेवारी २०२५ पासून. तुमचं अ‍ॅप बरोबर आहे.

मंजुळा_२१
पण पहिल्यात बारा होते! दुसऱ्यात तीन कमी कसे होतील? गोष्टही अर्धवट वाटते.

पावसाळी_सिअ‍ॅटल
संपामुळे. हॉलिवूडच्या लेखकांनी २ मे २०२३ ला लेखणी खाली ठेवली ती सप्टेंबरअखेर उचलली. मध्येच १४ जुलैला अभिनेतेही संपावर गेले, ते ९ नोव्हेंबरपर्यंत. लिहायला कोणी नाही, उभं राहायला कोणी नाही. त्या हंगामात बऱ्याच मालिकांचे सीझन असेच आखूड निघाले. तुम्हाला अर्धवट वाटलं त्यात तुमचं चुकलं नाही, शेवटाकडे घाई जाणवते. तरी मला दुसराच जास्त आवडतो. पहिल्यात सगळी पात्रं ओळख करून देण्यात अडकली होती. फ्रँक हा खात्यातला भ्रष्टाचार उघड करायला गेला म्हणून काढून टाकलेला पोलीस, श्रेड हा आधीचा स्नोबोर्डपटू, हे सांगून झाल्यावर दोघं खरे जोडीदार वाटायला लागतात.

खारीक_बदाम
असहमत. पहिला सीझनच भारी. दुसऱ्यात प्राणी कमी आणि कोणाचं कोणावर प्रेम हेच जास्त.

पावसाळी_सिअ‍ॅटल
प्रत्येक भागात प्राणी आहेत की! ऑफिस आहे म्हटल्यावर माणसंही असणारच.

मंजुळा_२१
तिसरा सीझन दिसतोय, पण बाबा मधले भाग सोडून पुढे जायला तयार नाहीत. आधी लिहायला हवं होतं, बाबांसाठीच हे चाललंय. ते १९८६ ते २०१७ एका नगरपालिकेच्या कोंडवाडा खात्यात होते. गुरं, डुकरं, कुत्री, सगळं पकडायचे. सहा महिने इथे होते, रविवारी परत जाताहेत. टीव्हीत आपलं काम कधी बघितलं नव्हतं म्हणतात. आणि यातलं सिअ‍ॅटल त्यांना ओळखीचं का वाटत नाही, तेही विचारतात.

पावसाळी_सिअ‍ॅटल
गोष्ट सिअ‍ॅटलची, पण चित्रीकरण व्हँकुव्हरचं. काकांची नजर पक्की आहे.

जखमी_पुणेकर
कोंडवाड्यातली माणसं आता आहेत कुठे? आमच्या गल्लीत रात्री दुचाकीवरून जाता येत नाही. मला दोनदा चावलंय. उचलून न्या म्हटलं तर म्हणतात नियम नाही.

रानवाटा
नियम आहेच. नसबंदी आणि लसीकरण करून गल्लीतलं कुत्रं पकडलं तिथेच सोडायचं. कानाला खाच दिसली की ते झालेलं समजा. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री निवाऱ्यात ठेवा सांगितलं होतं, २२ तारखेला तेही बदललं. पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची परत त्यांच्या जागी.

जखमी_पुणेकर
कानाची खाच बघायला मी कुत्र्याच्या किती जवळ जाऊ?

डॉक्टरीण_कोल्हापूर
चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काहीही भरायचं नाही. लस दंडाच्या स्नायूत घेत असाल तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी. 'आता बरं वाटतंय' म्हणून मधला डोस बुडवू नका.

खारीक_बदाम
यासाठी कोणीतरी वेगळा धागा काढा. मंजुळाताई, काका मालिकेबद्दल काय म्हणतात ते लिहा ना.

मंजुळा_२१
फार बोलत नाहीत. पण काठीच्या फासात कुत्रं धरण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी टीव्ही थांबवला. खोलीतल्या पडद्याचा दांडा काढला, माझ्या ओढणीचा फास केला आणि माझ्या मुलाची मोठी टेडी खाली ठेवली. म्हणाले, नुसत्या गळ्यात टाकलास तर ते गुदमरतं आणि जास्त झटतं. एक पुढचा पाय आत घेतलास की ताण गळ्यावर येत नाही. तीनदा करून दाखवलं. मुलाकडून दोनदा करून घेतलं.
२००१ मध्ये ते नसबंदीचे नियम आले. त्याआधी पकडलेल्या कुत्र्यांचं काय व्हायचं ते मुलाने विचारलं. बाबांनी रिमोट उचलला आणि पुढचा भाग लावला.

रानवाटा
काकांना माझा नमस्कार सांगा. वर रागाने लिहिलं होतं, माहितीपटाचं सोडून द्या.

पावसाळी_सिअ‍ॅटल
ताई, त्यांना संपाचं सांगा. एकतीस वर्षं नगरपालिकेत काढलेल्या माणसाला संप लगेच कळेल. भाग साधारण २२ मिनिटांचा असतो, आज गुरुवार. रोज रात्री चार बघितलेत तरी पुष्कळ होईल.

दत्तू_डोंबिवली
आणि काका भारतात परतल्यावर उरलेले बघायचे असतील तर व्हीपीएन.

मंजुळा_२१
सांगितलं. "किती दिवस चालला?" विचारलं. लेखकांचा जवळजवळ पाच महिने म्हटल्यावर म्हणाले, "पगार बुडाला असेल बिचाऱ्यांचा." मग स्वतःच म्हणाले, लाव तिसरा. सगळ्यांचे आभार. पडद्याचा दांडा अजून त्यांच्या खुर्चीपाशीच आहे, मुलगा तो परत लावू देत नाही.