उतारावरचं गेस्ट हाऊस: जमीन सपाट करावी का?

प्रश्न: चार खोल्या बांधायच्यात. उतार साधारण 1:6 (सहा मीटर आडवं गेलं की एक मीटर खाली), मधोमध जुनी झाडं. जेसीबी लावून सपाटी करू का?

उत्तर १: सपाटी नकोच! भराव बरीच वर्षं दबत राहतो. खोली निम्मी कापलेल्या जमिनीवर, निम्मी भरावावर आली की भिंतीला तिरकी चीर पडते. अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा (दर अर्ध्या मीटर उंचीला, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढून घ्या, खोल्या त्यांना समांतर ठेवा, जोतं टप्प्याटप्प्याने उतरवा.

उत्तर २: सहमत. वरच्या अंगाला चर हवाच, नाहीतर जोत्यात ओल चढते.

उत्तर ३: झाडांच्या फांद्यांच्या घेराखाली पाया नको, आणि खोदलेली मातीही तिथे टाकू नका. मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच नाही, दोन-तीन वर्षांनी वाळतं, तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही.