आतल्या रस्त्याने सायकल आणि वाटेत लागलेलं जुनं काहीतरी : अनुभव लिहा

कुकडीकाठ
काल लेकीचा इतिहासाचा अभ्यास घेत होते. सातवाहन आले, नाणेघाट आला, तो दगडी रांजण आला. "आई, तू हा खरंच पाहिलायस?" म्हणाली आणि माझं चित्त जे उडालं ते अभ्यास तसाच राहिला.

आमचं आजोळ जुन्नर. कॉलेजात असताना दिवाळीच्या सुट्टीत मामेभाऊ आणि मी बिनगिअरच्या साध्या सायकली काढून घाटघरपर्यंत गेलो होतो. त्याची अ‍ॅटलास, माझ्याकडे मामीची लेडीज, पुढे टोपली. टोपलीत दशम्या आणि चिवडा. जुन्नर सोडलं की आपटाळे, मग चावंड. माणिकडोहचं पाणी मधूनच दिसतं, मधूनच गायब. पूर गावात कुकडेश्वराला थांबलो, कुकडी तिथेच उगम पावते. देवळाच्या दारावरचं कोरीवकाम बघत बसलो तर भाऊ म्हणाला, चल, नाहीतर इथेच मुक्काम होईल.

घाटघरला भात काढणी चालू होती. नाणेघाटाच्या तोंडाशी गेलं की जमीन संपते आणि खाली एकदम कोकण. कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा माल याच वाटेने जुन्नरला चढायचा आणि जकातीची नाणी त्या रांजणात पडायची म्हणे. गुहेत दोन्ही भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मीतला लेख. यज्ञात किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण (म्हणजे तेव्हाची नाणी) दिले त्याचे आकडे. भाऊ म्हणाला, ही तर लग्नातल्या आहेराची वही. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते, आता वर कोरलेली नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात.

तर तुमचे असे रस्ते लिहा. हायवे नको. वाटेत देऊळ, लेणं, बारव, पडका वाडा, काहीतरी लागलं पाहिजे.

हाफपेडल
पहिला!
नाणेघाटात पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी चुकूनही जाऊ नका. गाड्यांची रांग, भुट्टे, गाणी. बुधवारी पहाटे निघा. जीवधन किल्ला समोर उभा आणि रस्त्यावर फक्त म्हशी.

शांत_मांजर
छान धागा. वाचते आहे. फोटो टाका ना कुणीतरी.
(माझं वय ५२, गुडघा थोडा कुरकुरतो. सायकल घ्यावी का?)

कुकडीकाठ
@शांत_मांजर घ्या की! सीट उंच ठेवायची, पाय खाली जवळजवळ सरळ व्हायला हवा. बुटक्या सीटने गुडघे जातात. तरी एकदा डॉक्टरांना विचारा.

लसूणचटणी
स्वयंपाक करता करता लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा पुरंदर तालुक्यात पोस्टमन होते. त्यांच्यासाठी हा छंद नव्हता, नोकरी होती. खाकी पिशवी हँडलला, मनीऑर्डरीचे पैसे आतल्या खिशात, कॅरिअरला डबा. अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागांमधून रोजचा फेरा. पत्र वाचून दाखवायचं, उत्तर लिहून द्यायचं, वर चहा प्यायचा. कुठल्या घरात कोण कोणावर रुसलंय हे त्यांना त्या घराच्या आधी माहीत असायचं.

श्रावणी सोमवारी मला कॅरिअरवर बसवून माळशिरसच्या भुलेश्वराला न्यायचे. (पुरंदरचं माळशिरस, सोलापूरचं नाही. हे दरवेळी सांगावं लागतं.) शेवटच्या चढाला मी उतरायचे आणि सायकल मागून ढकलायचे. बाहेरून बघितलं तर घुमट आणि मिनारासारखे खांब, देऊळ आहे असं वाटतच नाही. आत शिरलं की अंधार, गारवा, आणि मग डोळे सरावले की भिंतीभर मूर्ती. पुष्कळशा फोडलेल्या. स्त्रीरूपातला गणपती आहे तिथे, तो मला बाबांनी बोट धरून दाखवला होता. बाबा देवबिव मानणारे नव्हते. पण नंदीजवळ दहा मिनिटं टेकायचेच, कारण तिथे गार असतं. हे ते पुजाऱ्यालाही सांगायचे.

गेल्या मार्गशीर्षात बाबा गेले. सायकल मागच्या पडवीत उभी आहे. भाऊ म्हणतो भंगारात देऊ.

कुकर झाला. येते.

कुकडीकाठ
भंगारात नको हं! प्लीज.

डबलट्रॉली
ताई, वाईट वाटलं. सायकल देऊ नका. २८ चे टायर अजून मिळतात, गावाकडच्या जुन्या दुकानात विचारा. फक्त चाक आऊट झालंय का बघून घ्या.

आता आमचं. खिद्रापूर कुणी लिहिलं नाही अजून? मग मीच लिहितो. कोल्हापूरकडून शिरोळ, नरसोबाची वाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर. सगळं सपाट, गिअर असला काय नि नसला काय. दोन्हीकडं ऊस. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दर्शन, मग बासुंदी. बासुंदी जाताना खायची नाही, येताना खायची, नाहीतर कुरुंदवाडच्या पुढं पाय हलत नाहीत.

कोपेश्वराच्या देवळात पुढं गोल स्वर्गमंडप हाय, छताला मधोमध गोल उघडं. खाली गोल शिळा. तिच्यावर उभं राहून वर बघायचं. शिलाहार गंडरादित्याच्या काळातलं काम म्हणत्यात, बाहेर खाली हत्तींची रांगच रांग. आणि समोर नंदी नाही. नंदी तिकडं नदीपलीकडं यडूरला, कर्नाटकात. देव रुसला, नंदी दुसऱ्या राज्यात!

एकच सांगतो, गळीत हंगामात जाऊ नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, वर टेप फुल्ल, ड्रायव्हरला हॉर्न ऐकू येत नाही तर तुमची घंटी काय ऐकू येणार. माझं नावच त्यावरनं हाय.

हाफपेडल
नाव वाचून मला वाटलं तुम्ही स्वतःच ट्रॉलीवाले.

डबलट्रॉली
हाय की. आठवडाभर ट्रॉली, रविवारी सायकल 😄

वऱ्हाडी_ठेचा
पुण्या-कोल्हापूरच्या बाहेर बी महाराष्ट्र हाये भाऊ.
लोणार ते मेहकर, मधात सुलतानपूर. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत सावली गाठा, नाही तं भाजून निघता. लोणारात सगळे सरोवरच पाहातात, उल्का पडून झालेलं विवर, बरोबर हाये. पण गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात कोणी पाच मिनिटं थांबत नाही. बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं सायकल टेकवून निवांत पाहा. अन् मेहकरले काळ्या पाषाणातला उभा बालाजी, शारंगधर. मूर्तीची नक्षी इतकी बारीक की दागिन्यातले मणी मोजता येतात.

वाटेत एका बाबानं इचारलं, "पेट्रोल परवडत नाही काय रे?" म्हटलं नाही बाबा. तं त्यानं घरी नेऊन ठेचा-भाकर खाऊ घातली. तेव्हापासून कोणी इचारलं की मी परवडत नाहीच म्हणतो.

चेनउतरली
😂😂 मला तर विचारतात "कुठल्या कंपनीची जाहिरात?" हेल्मेट आणि ते घट्ट कपडे बघून. आता साधा सदरा घालते.

मी वाईची. मेणवली जवळच आहे, सकाळी दूध घ्यायला जावं इतकी. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, आणि तिथली ती मोठी पोर्तुगीज घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथून आलेल्या घंटांपैकी एक. शूटिंग चालू असलं तर घाटावर जाऊ देत नाहीत, मग सरळ धोमला जायचं. नरसिंहाचं देऊळ, आणि कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. पाणी असेल तेव्हाच जा, कोरड्या कुंडात ते कासव उगाचच वाटतं.

बायकांसाठी एक. एकटी जाताना मला माणसांची भीती कधी वाटली नाही, कुत्र्यांची वाटते. काय करता?

हाफपेडल
पळवायची नाही. उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची आणि चालत सुटायचं. चाक फिरायचं थांबलं की बहुतेकांचा रस संपतो. नाहीच तर खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं. हे सगळ्या महाराष्ट्रातल्या कुत्र्यांना कळतं.

मांडवी
गोव्यातल्या कुत्र्यांना पण कळतं.

ओल्ड गोव्याला टुरिस्ट चर्च बघतात आणि बसमध्ये बसतात. तुम्ही व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली फेरीधक्क्यावर या. सायकल फेरीत घाला, दिवाडी बेट. रस्ते इतके रिकामे की पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा लांबून ऐकू येतो. खरा सायकलपटू तोच, मागे पावांचा भलामोठा टोपला आणि रोज पहाटे फेरा. पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढ आहे, दम लागतो, पण वरून नदी आणि खाजण शेतं दिसतात.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला परत फेरी, पलीकडे नार्वे. सप्तकोटेश्वर. कदंब राजांचं दैवत, मूळ दिवाडीलाच होतं. तिथलं मोडलं गेलं, लिंग पलीकडे आणलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. म्हणजे तुम्ही सायकलीवर देवाच्याच वाटेने जाता. पावसात फेरीचा पत्रा निसरडा असतो, उतरून ढकला.

वऱ्हाडी_ठेचा
फेरीत सायकल! आमच्याकडे नदीतूनच सायकल जाते, पाणीच नसते.

चेनउतरली
फेरीवरून आठवलं. कोकणात वेसवी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या सगळ्यांत सायकल चढते. पण दोन खाड्यांच्या मधले चढ कुणी सांगत नाही. नकाशावर समुद्राकाठचा रस्ता दिसतो, प्रत्यक्षात सतत खाली-वर. आडिवरे-कशेळीच्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, एकदा चढलात की मात्र सुख. कातळशिल्पांतला कशेळीचा तो भलामोठा हत्ती तिथलाच. दुपारी जाऊ नका, जांभा तापतो. कनकादित्याचं देऊळ पण कशेळीतच.

शांत_मांजर
कातळशिल्पं म्हणजे ती जमिनीवर कोरलेली ना? माझ्या नणंदेचं सासर तिकडे, ती म्हणते आमच्या आंब्याच्या कलमांमध्ये पण आहे एक, त्यावर मिरच्या वाळवायचो 🙈

कुकडीकाठ
शिल्पावर मिरच्या! 😄 नणंदबाईंना म्हणावं फोटो काढून ठेवा.
सगळ्यांचे मस्त अनुभव. लेकीला वाचून दाखवतेय, अभ्यास बाजूलाच.

लसूणचटणी
जेवणं आवरली. सगळ्यांना थँक्यू. भावाशी बोलले, सायकल राहतेय. तो आता स्वतःच टायर शोधायला निघालाय. पण वॉलट्यूबची रबरी नळी सडलीये, ती मिळत नाही म्हणतो.

हाफपेडल
माझ्याकडे वीतभर आहे. पत्ता मेसेज करा, पाकिटात घालून पाठवतो.

डबलट्रॉली
आणि हँडलची ती घंटी काढू नका. नवीन घंट्यांना आवाजच नाही.

शांत_मांजर
बरं, सीटचं कुणी सांगितलंच नाही. जेलची घेऊ की साधी?