ऑक्टोबरमधील आइसलँड आणि नवशिक्याचा कॅमेरा : सोबत काय घ्यावे?

करवीरकन्या :

नमस्कार मंडळी. येत्या ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही घरातले चौघे आइसलँडला जात आहोत. लंडनला राहणारा माझा धाकटा भाऊ आम्हाला तिथेच येऊन मिळेल आणि गाडीही तोच चालवेल. रेक्याविकहून दक्षिण किनाऱ्याने हिमनग तरंगणाऱ्या योकुलसारलोन सरोवरापर्यंत जायचे, वाटेत सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे धबधबे व रेनिसफ्याराचा काळ्या वाळूचा किनारा पाहायचा, आणि आकाश मोकळे मिळाले तर ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे घ्यायची, असा ढोबळ बेत आहे.

माझ्याकडे कॅननचा २०० डी मार्क २ हा कॅमेरा असून त्यासोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटरच्या या दोन लेन्स आहेत. ऑटो सोडून मॅन्युअल मोडवर आता कुठे हात बसू लागला आहे. पन्हाळ्यावरचे धुके आणि रंकाळ्याची संध्याकाळ यापलीकडे माझा अनुभव नाही. दुकानदाराने यूव्ही फिल्टर, पोलरायझर, एनडी १००० फिल्टर (प्रकाश अडवणारी गडद काच), फ्लॅश, रिमोट, मोठी बॅग आणि ट्रायपॉड अशी यादी हातात ठेवली, तिची बेरीज चाळीस हजारांच्या घरात जाते. मी पंचवीस हजारांपर्यंत खर्च करू शकते. यातले खरोखर लागणारे काय, रात्रीच्या आकाशासाठी वेगळी लेन्स घ्यावीच लागेल का, आणि हे सामान विमानातून नेताना कोणती काळजी घ्यावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अंधारयात्री :

नमस्कार ताई. दुकानदाराच्या यादीत ट्रायपॉड सर्वांत शेवटी आहे, तो उचलून सर्वांत वर ठेवा आणि फ्लॅश पूर्णपणे खोडून टाका. आकाशातल्या प्रकाशापर्यंत फ्लॅश पोहोचत नाही, उलट शेजारी उभ्या असलेल्या दहा जणांचे छायाचित्र बिघडते आणि मग ते आपल्याकडे ज्या नजरेने पाहतात ती सोसण्यासारखी नसते. शिवाय तुमच्या कॅमेऱ्याच्या हॉट शूमध्ये (वरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधली पिन कंपनीने दिलेलीच नाही, त्यामुळे केवळ त्या पिनेवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यावर उडतच नाहीत. दुकानदाराने कोणता फ्लॅश सुचवला ते ठाऊक नाही, पण स्वस्तातला असेल तर हा धोका आहे.

रिमोटचीही गरज नाही. ध्रुवीय प्रकाशासाठी शटर साधारण तीन ते पंधरा सेकंद उघडे ठेवावे लागते आणि तुमचा कॅमेरा तीस सेकंदांपर्यंतचे एक्स्पोजर स्वतःच देतो. दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावला की बटण दाबताना बसणारा धक्का निवून जातो. रिमोट लागतो तो तीस सेकंदांच्या पुढे जायचे असेल तेव्हा, आणि तशी वेळ या सहलीत येईल असे वाटत नाही.

ट्रायपॉडविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पैसे खर्च करण्याची खरी जागा तीच आहे. मोबाइलसाठी मिळणारे, पाऊण किलोचे, प्लॅस्टिकच्या डोक्याचे ट्रायपॉड तिथल्या वाऱ्यात उभे राहत नाहीत. आइसलँडमध्ये भाड्याची गाडी ताब्यात देताना वाऱ्याने दार उलटे फिरून मोडण्याबद्दल बजावतात, यावरून त्या वाऱ्याचा अंदाज यावा. दीड किलोच्या आसपास वजनाचा, बॉल हेड (कॅमेरा कुठेही वळवता येणारे गोळ्याचे डोके) असलेला अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड पाच ते आठ हजारांत मिळतो आणि तुमच्या कॅमेऱ्याला तो पुष्कळ झाला. कार्बन फायबरसाठी दुप्पट-तिप्पट मोजण्याचे कारण नाही, वाऱ्यात थोडे वजन असलेले बरेच. घेताना दुकानातच त्याचे पाय पूर्ण न उघडता कंबरेइतक्या उंचीवर कॅमेरा बसवून वरून हलकेच दाबून पाहा. प्रत्यक्ष वापरतानाही मधला दांडा वर काढू नका आणि शेवटचे, सर्वांत बारीक पाय शक्यतो उघडू नका. दांड्याच्या आकड्याला पिशवी टांगण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण जोराच्या वाऱ्यात ती पिशवीच हेलकावे घेऊन कॅमेरा हलवते. टांगायचीच असेल तर तिचा तळ जमिनीला टेकलेला असावा.

दुसरी गरज बॅटरीची. या कॅमेऱ्याची एलपी-ई१७ बॅटरी व्ह्यूफाइंडरमधून पाहिल्यास सुमारे १०७० छायाचित्रे देते असे कंपनी सांगते, पण मागच्या पडद्यावर पाहून काढल्यास हाच आकडा ३२० वर येतो, आणि दोन्ही मोजमापे २३ अंश तापमानाची आहेत. रात्री फोकस करण्यासाठी पडद्यावर एखादा ठळक तारा दहापट मोठा करून पाहावा लागतो, म्हणजे पडदा सतत चालू राहतो, त्यात थंडीने बॅटरीचा जोर उतरतो. म्हणून एकूण तीन बॅटऱ्या असाव्यात आणि वापरात नसलेल्या दोन कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. दुसऱ्या कंपनीच्या काही बॅटऱ्या कॅननच्या मूळ चार्जरवर चार्ज होत नाहीत, तेव्हा तशा घेणार असाल तर त्यांच्याबरोबरचा, यूएसबीवर चालणारा दुहेरी चार्जरच घ्या. तो गाडीतही चालतो आणि दिवसभराच्या प्रवासात आपोआप काम होऊन जाते.

लेन्सबद्दल माझे मत असे, की तुमची १८-५५ पुरेल. १८ मिलिमीटरवर तिचे अ‍ॅपर्चर एफ/४ आहे (अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र, आकडा जितका लहान तितके ते मोठे). आयएसओ (प्रकाशाला दाद देण्याची कॅमेऱ्याची क्षमता) ३२०० आणि दहा सेकंद इथून सुरुवात करा, प्रकाश जोरात असेल तर सेकंद कमी करा, मंद असेल तर वाढवा. छायाचित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात ठेवली तर रंग नंतर सावरता येतात. आइसलँडच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर ध्रुवीय प्रकाशाच्या अंदाजाबरोबर ढगांचा नकाशाही असतो, तो रोज संध्याकाळी पाहा. ढग असतील तर कोणतीही लेन्स उपयोगाची नाही.

धबधब्याकाठी :

अंधारयात्री यांचे रात्रीपुरते सगळे मान्य. पण ताईंचा बेत वाचला तर ध्रुवीय प्रकाश हा 'मिळाला तर' या सदरातला आहे, धबधबे आणि समुद्र मात्र रोजचे आहेत, आणि त्यांच्यासाठी पाण्यापासून बचाव ही पहिली गोष्ट आहे. २०० डी मार्क २ हा पाण्यापासून संरक्षण असलेला कॅमेरा नाही. सेल्यालांड्सफॉस सुमारे साठ मीटर उंचीवरून कोसळतो आणि त्याच्या मागून पायवाट जाते. तिथे तुषार नुसते समोरून येत नाहीत, वाऱ्याबरोबर सगळीकडून येतात. प्लॅस्टिकचे साधे रेन कव्हर काही शे रुपयांत मिळते, ते दोन घ्या, कारण एक फाटतेच. त्याबरोबर मायक्रोफायबरची पाच-सहा फडकी वेगवेगळ्या खिशांत ठेवा, एक भिजले की ते पुन्हा लेन्सला लावायचे नाही. लेन्स हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारे कडे) असेल तर तो कायम चढवलेला असू द्या.

पोलरायझर नक्की घ्यावा. ओल्या खडकांवरची आणि शेवाळावरची चकाकी तो काढून टाकतो आणि हिरवा रंग दाट येतो. हा परिणाम नंतर संगणकावर आणता येत नाही. तुमच्या दोन्ही लेन्सचा फिल्टरचा व्यास ५८ मिलिमीटर आहे, त्यामुळे एकच फिल्टर दोन्हींना चालेल आणि चांगल्या प्रतीचा घेणे परवडेल.

एनडी १००० मात्र नको. तो दहा स्टॉप प्रकाश अडवतो, आणि प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. ढगाळ दुपारी आयएसओ १०० आणि एफ/११ ला शटर एक-तीसांश सेकंदाच्या आसपास येते असे धरले, तर या फिल्टरने ते अर्ध्या मिनिटावर जाईल आणि धबधब्याची नुसती पांढरी पट्टी होईल. पाण्याच्या धारा वेगळ्या दिसायच्या असतील तर अर्धा ते दोन सेकंद पुरतात, त्यासाठी सहा स्टॉपचा एनडी ६४ योग्य. संध्याकाळी उजेड उतरल्यावर पोलरायझर लावून तोही लागणार नाही, म्हणून पैसे कमी पडले तर पहिली काट इथे मारा. फिरवून गडद करता येणारे व्हेरिएबल एनडी टाळा, रुंद कोनात त्यांची काळी फुली उमटते.

यूव्ही फिल्टरने चित्र सुधारत नाही, पण रेनिसफ्याराची वाळू आणि खारे तुषार यांच्यापासून लेन्सची काच वाचवायला तो बरा. किनाऱ्यावरून परतल्यावर ट्रायपॉडचे पाय साध्या पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर वाळू जोडांत अडकून ते करकरू लागतात. आणि हे छायाचित्रणाबद्दल नाही, तरीही लिहितो : त्या किनाऱ्यावर अचानक एखादी लाट बाकीच्यांच्या कितीतरी पुढे येते आणि तिने माणसे ओढून नेल्याच्या घटना झाल्या आहेत. धोक्याची पातळी दाखवणारे दिवे तिथे लावलेले आहेत, त्यांच्याकडे लक्ष द्या, आणि कॅमेऱ्यात डोळा घालून समुद्राकडे पाठ कधीही करू नका.

अंधारयात्री :

यूव्ही फिल्टरला एक पुरवणी. ध्रुवीय प्रकाश टिपताना तो आठवणीने काढा. हिरवा ध्रुवीय प्रकाश ५५७.७ नॅनोमीटर या अगदी अरुंद तरंगलांबीचा असतो, आणि फिल्टरच्या दोन समांतर सपाट पृष्ठभागांमध्ये तो परावर्तित झाला की चित्राच्या मध्यभागी एकात एक वर्तुळे उमटतात. ती मागच्या लहान पडद्यावर दिसत नाहीत, घरी मोठ्या पडद्यावर दिसतात, आणि मग काढायला फार जड जातात.

बोरीबंदर :

प्रवासाबद्दल. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात नेता येतात, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. तुमची बॅटरी साडेसात वॅट-तासांची आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची, म्हणजे चिंता नाही. टोके उघडी राहू नयेत म्हणून प्रत्येक बॅटरीला टोपण किंवा चिकटपट्टी लावा. अलीकडे काही विमान कंपन्यांनी उड्डाणादरम्यान पॉवर बँक वापरण्यास मनाई केली आहे, तेव्हा तिकिटावरच्या कंपनीचा नियम वाचून घ्या. ट्रायपॉड सरळ चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका. सुरक्षा तपासणीत तो हातात नेऊ देतील की नाही हे समोरच्या माणसावर अवलंबून असते.

आइसलँडमध्ये २३० व्होल्टचा पुरवठा आहे आणि युरोपातल्यासारखी गोल दोन पिनांची सॉकेट असतात. आपल्याकडचे बारीक दोन पिनांचे चार्जर त्यात बसतात, जाड तीन पिनांचे बसत नाहीत. भावाचे लंडनचे चौकोनी पिनांचे चार्जरही बसणार नाहीत, त्यामुळे अडॅप्टर आणि एक एक्स्टेन्शन घेतले तर सगळ्यांची सोय होईल.

कॅमेरा भारतातच घेतला असल्याची पावती फोनमध्ये ठेवा. महागडी लेन्स सोबत असेल, तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र करून घेता येते, म्हणजे परतताना ती वस्तू परदेशात घेतली का हा प्रश्न उरत नाही. त्यासाठी वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते, म्हणून सामान चेक-इनला देण्यापूर्वी आणि हाताशी वेळ ठेवून जावे.

करवीरकन्या :

सर्वांचे मनापासून आभार. फ्लॅश, रिमोट आणि एनडी १००० यादीतून काढले. आता दोन शंका उरतात. पुण्यात टोकिनाची ११-१६ एफ/२.८ ही लेन्स भाड्याने मिळते आहे, तिचा रात्री खरोखर फरक पडेल का? आणि १२८ जीबीचे एक कार्ड घ्यावे की ६४ ची दोन?

धबधब्याकाठी :

कार्डे दोनच घ्या. तुमच्या कॅमेऱ्यात कार्डाची जागा एकच आहे, म्हणजे दुसरी प्रत आपोआप होत नाही. एक खराब झाले किंवा हरवले तरी निम्मी सहल हाती राहते. ६४ जीबीत रॉ छायाचित्रे दोन हजारांच्या आसपास मावतात. यूएचएस-२ लिहिलेली महाग कार्डे घेऊ नका, त्यांचा वेग या कॅमेऱ्याला वापरताच येत नाही. रोज रात्री भावाच्या लॅपटॉपवर प्रत काढून ठेवा.

लेन्सच्या बाबतीत मात्र मी अंधारयात्रींच्या विरुद्ध मताचा आहे. एफ/४ वरून एफ/२.८ ला आल्यावर प्रकाश दुप्पट मिळतो, म्हणजे दहा सेकंदांचे काम पाच सेकंदांत होते, आणि प्रकाशाचे पडदे वेगाने हलत असताना दहा सेकंदांत त्यांच्या घड्या पुसून नुसता हिरवा धूर उरतो. शिवाय ११ मिलिमीटरला आकाश कितीतरी जास्त मावते. परत आणून द्यायच्या लेन्ससाठी थोडे भाडे मोजायला हरकत नाही.

अंधारयात्री :

फरक पडतो, हे नाकारत नाही. अडचण एवढीच, की त्या लेन्सचा फिल्टरचा व्यास ७७ मिलिमीटर आहे, त्यामुळे ५८ चा पोलरायझर तिला लागणार नाही, आणि वजनही पाऊण किलोला टेकलेले नसले तरी तुमच्या किट लेन्सच्या दुपटीहून अधिक आहे. ताईंनी ती रात्रीपुरतीच वापरायची ठरवली तर दोन्ही अडचणी सुटतात. भाड्याने घेणारच असाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका. चार-पाच दिवस आधी आणा आणि शहराच्या उजेडापासून दूर, दाजीपूरच्या बाजूला कुठेतरी, ताऱ्यावर फोकस करून पाहा. अनंतावर फोकस नेमका कुठे येतो हे तिच्या कडीवरच्या खुणेवर विसंबून ठरवता येत नाही, आणि बोटे गारठलेली असताना ते शिकत बसणे कठीण जाते. पाऊस लांबला आणि आकाश मिळाले नाही, तर दूरच्या डोंगरावरचा एखादा दिवाही सरावाला चालेल.

रात्री बाहेरून उबदार खोलीत येताना कॅमेरा बॅगेतच, चेन लावून, तासभर राहू द्या. लगेच उघडलात तर काचेवर आणि आतही दव धरते. कार्ड आणि बॅटरी हवी असेल तर ती बाहेर, गाडीपाशीच काढून घ्या.