मदत हवी आहे: पक्षाघातानंतर दिव्यांग कार्ड, गाडी उभी करण्याची सवलत आणि प्रवासाच्या सोयी (गोवा)

डिचोलीकर

नमस्कार मंडळी,

माझे वडील (वय 66, खाणीवरच्या नोकरीतून निवृत्त) यांना गेल्या पावसाळ्यात पक्षाघाताचा झटका आला. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळात उपचार झाले आणि जीव वाचला, पण उजवा हात अजून उचलत नाही. उजवा पाय ओढत, चौपायी काठीच्या आधाराने ते पडवीपासून अंगणापर्यंत येतात आणि तिथे बसून राहतात. समोरच्याचे बोलणे त्यांना पूर्ण समजते, मात्र स्वतःचा शब्द वेळेवर सापडत नाही. चहा मागायचा असतो आणि तोंडून ‘चावी’ निघते, मग स्वतःवरच चिडतात.

आता कागदपत्रांच्या मागे लागावे असे ठरवले आहे आणि तिथे गोंधळ सुरू झाला आहे. शेजारचे म्हणतात, दिव्यांग कार्डाचा अर्ज ताबडतोब करा. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते की सहा महिने जाऊ द्या. अर्ज म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात करावा की जिथे उपचार झाले त्या बांबोळीला, हेही कळत नाही. अर्जावर सही कोणी करायची, हा आणखी एक प्रश्न आहे, कारण वडिलांचा सहीचा हातच गेला आहे.

दुसरी अडचण गाडीची आहे. मध्यंतरी त्यांना पणजीतील एका व्यापारी संकुलात घेऊन गेलो होतो. चाकाच्या खुर्चीचे चित्र रंगवलेली जागा होती, पण तिच्यावर स्कूटर लावलेल्या होत्या. त्या हलवायला सांगितले तेव्हा रखवालदार म्हणाला, ‘पार्किंगचे कार्ड दाखवा.’ माझा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. तिथे अशा रुग्णांना ‘ब्लू बॅज’ मिळतो आणि तो काचेमागे ठेवला की काम होते, असे तो सांगतो. आपल्याकडे असा बिल्ला कोण देते? गाडी माझ्या नावावर आहे, वडिलांच्या नाही. त्याने काही बिघडते का?

शेवटचे म्हणजे, बहीण मुंबईला असते आणि त्यांना रेल्वेने तिच्याकडे न्यायचे आहे. त्या प्रवासात काय सवलत मिळते, तेही कळल्यास बरे होईल. ज्यांनी हे सगळे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मांडवीकाठ

डिचोलीकर, माझ्या आईच्या निमित्ताने या वाटेने गेलो आहे, म्हणून लिहितो.

ज्याला आपण दिव्यांग कार्ड म्हणतो ते केंद्र सरकारचे यूडीआयडी कार्ड, म्हणजेच स्वावलंबन कार्ड. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याखाली मिळणारे प्रमाणपत्र आणि हे कार्ड, दोन्हींसाठी एकच अर्ज यूडीआयडीच्या संकेतस्थळावर करायचा असतो. केंद्राच्या योजनांसाठी आता हाच क्रमांक विचारतात. जुने हाताने लिहिलेले दाखले फारसे कामाचे उरलेले नाहीत.

म्हापसा की बांबोळी याचे उत्तर नियमातच आहे. राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, किंवा ज्या सरकारी इस्पितळात त्या दिव्यांगत्वावर उपचार झाले तिथेही करता येतो. माझा सल्ला बांबोळीचा आहे, कारण वडिलांची जुनी फाईल तिथे आहे. सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा अहवाल, घरी सोडतानाचा सारांश आणि फिजिओथेरपीच्या नोंदी मात्र स्वतःजवळ ठेवा, ‘फाईल इथेच आहे’ या भरवशावर जाऊ नका. आधार आणि अलीकडचा फोटो लागतोच. सहीच्या जागी अंगठा चालतो, आणि उजवा उठत नसेल तर डाव्याचा घेतात. रुग्ण स्वतः अर्ज करण्याच्या स्थितीत नसेल तर कायदेशीर पालक त्याच्या वतीने करू शकतो.

सर्वांत महत्त्वाचे पुढे आहे. तपासणारे वैद्यकीय मंडळ आजार मोजत नाही, आजाराने मागे जे ठेवले ते मोजते. मेंदूत रक्ताची गाठ किती मोठी होती, अतिदक्षता विभागात किती काळ काढला, यावर दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरत नाही. हाताची पकड, चालणे, तोल, बोलणे यांवर ठरते. घरची माणसे खोलीत शिरल्यावर झटक्याची रात्र सांगू लागतात आणि रोजचे जगणे सांगायचे राहून जाते. तुम्ही सदऱ्याची बटणे, आंघोळ, जेवण आणि पायरी याविषयी बोला.

आणि वाचादोष विसरू नका. कायद्याच्या अनुसूचीत ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ या प्रकारात मेंदूच्या इजेमुळे आलेला वाचाघात स्पष्टपणे नमूद आहे. पुष्कळ कुटुंबे केवळ हातापायाची तपासणी करून परततात. दोन प्रकारची दिव्यांगत्वे असतील तर त्यांची सरळ बेरीज होत नाही, सूत्र लावतात: मोठ्या टक्केवारीत लहान टक्केवारीचा काही भाग मिळवायचा, आणि तो भाग म्हणजे लहान टक्केवारी गुणिले (90 वजा मोठी) भागिले 90. समजा हातापायाचे 45 आणि वाचेचे 30 आले, तर एकूण 75 होत नाहीत, 60 होतात. बहुतेक लाभ 40 टक्क्यांपासून सुरू होतात, त्यामुळे काठावरच्या रुग्णाला वाचेच्या तपासणीने मोठा फरक पडतो.

2024 मध्ये नियम बदलले, तेव्हापासून कार्डाच्या रंगावरून टक्केवारी कळते: 40 च्या खाली पांढरे, 40 ते 80 च्या आत पिवळे, 80 आणि त्यापुढे निळे. प्रमाणपत्र देण्याची मुदतही त्याच बदलात एका महिन्याची तीन महिने झाली. निर्णय पटला नाही तर नव्वद दिवसांत अपील करता येते.

फिजिओताई

सहा महिन्यांबद्दल मी सांगते. मज्जासंस्थेच्या आजारात प्रमाणपत्रासाठीची तपासणी साधारणपणे सहा महिन्यांनंतर करावी, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे, त्यामुळे तुमचे डॉक्टर योग्य तेच बोलले. पण नेमका काळ तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचा आणि पुनर्तपासणीची शिफारसही त्यांनीच करायची, असेही त्याच सूचनांत म्हटले आहे. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते. तेव्हा काढलेला दाखला बहुधा तात्पुरता मिळतो आणि पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. तुमच्या वडिलांना पावसाळ्यात झटका आला असेल तर ती मुदत आता होतच आली असणार. कागद जमवायला लागा, पण कार्डाची वाट पाहत व्यायाम थांबवू नका. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘टक्के कमी होतील’ या भीतीने व्यायाम टाळणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांचे खांदे आखडलेलेही पाहिले आहेत.

गाडीबद्दल एक व्यावहारिक गोष्ट सांगते. उजवी बाजू लुळी असेल तर रुग्णाला पुढच्या डाव्या आसनावर बसवा. आसन पूर्ण मागे सरकवा. पाठ गाडीकडे करून आधी बैठक टेकवू द्या आणि मग पाय आत घ्या. लुळा पाय हाताने उचलून आत ठेवावा लागेल. उतरताना शाबूत डावा पाय आधी जमिनीवर येतो आणि शाबूत डावा हात दाराच्या बाजूलाच असतो. चालकाच्या मागच्या आसनावर बसवले तर सगळे उलटे होते: आधी लुळा पाय, आधी लुळा हात. या सगळ्यासाठी दार सताड उघडावे लागते, आणि राखीव जागा रुंद असते ती त्यासाठीच. केंद्राच्या सुगम्यतेच्या मानकांनुसार ती किमान 3600 मिलिमीटर रुंद आणि इमारतीच्या प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत असायला हवी. चित्र रंगवलेली, पण दोन खांबांच्या मध्ये चिणलेली जागा या रुग्णांच्या कामाची नसते.

मांडवीकाठ

पार्किंगचे राहिले होते, ते लिहितो. तुमच्या भावाने सांगितले ते इंग्लंडपुरते बरोबर आहे. भारतात मात्र ब्लू बॅजसारखा, देशभर चालणारा आणि एका खात्याने दिलेला पार्किंगचा बिल्ला नाही. बाजारात मिळणारे चाकाच्या खुर्चीचे स्टिकर गाडीवर जरूर लावा, लोक थोडे सांभाळून घेतात. पण तो परवाना नव्हे आणि त्याला कायद्याचा आधार नाही. रखवालदार मागतो ते ‘पार्किंगचे कार्ड’ अस्तित्वातच नाही. दाखवायचे ते वडिलांचे यूडीआयडी. त्याची प्रत संकेतस्थळावरून उतरवून घेता येते, ती मोबाईलमध्ये आणि एक छापील प्रत गाडीत ठेवा.

गाडी तुमच्या नावावर असल्याने अडत नाही, कारण राखीव जागा दिव्यांग व्यक्तीसाठी आहे आणि ती व्यक्ती गाडीत असणे महत्त्वाचे. तुमच्या भावाकडचा ब्लू बॅजही माणसाच्या नावाचाच असतो, गाडीच्या नव्हे. याचा दुसरा अर्थ असा की वडील घरी असताना तुम्ही त्या जागेवर गाडी लावू नये. 2020 च्या ऑक्टोबरपासून वाहन नोंदणीच्या अर्जात ‘दिव्यांगजन’ असा मालकीचा प्रकार आला आहे, पण त्याचा संबंध वाहन खरेदीच्या सवलतींशी आहे, जागेशी नाही. त्या खरेदी सवलतीचा मोठा भाग जीएसटीचा होता. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा कर सर्वांनाच 18 टक्के झाल्यामुळे, केवळ त्यासाठी वडिलांच्या नावे गाडी घेण्यात आता फारसे हशील नाही.

राखीव जागेवर स्कूटर लागत असतील, किंवा अशी जागाच ठेवलेली नसेल, तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी तक्रार करा आणि सोबत फोटो जोडा. कायद्याच्या तरतुदी मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि नंतर पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक असू शकत नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे केंद्राला बजावले आहे. 2023 पासून आपल्याकडे दिव्यांगांचा पर्पल फेस्ट भरतो, तेव्हा पणजीत चाकाच्या खुर्चीसाठी उतार (रॅम्प) आणि फलक दिसतात. बाकीच्या दिवसांत डिचोली, म्हापशाच्या बाजारातही ते दिसावेत, एवढी अपेक्षा तक्रार करूनच पुढे सरकेल.

कोकणकन्या

रेल्वेचे मी सांगते. रेल्वेला यूडीआयडी पुरत नाही असे धरून चाला आणि रेल्वेचे स्वतंत्र दिव्यांगजन ओळखपत्र काढा. त्याचा अर्जही ऑनलाइन होतो आणि सोबत रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातील, सरकारी डॉक्टरांनी दिलेले सवलत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्या नमुन्यातील एक ओळ नीट पाहा: रुग्ण ‘सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही’ हे डॉक्टरांनी प्रमाणित केलेले हवे. सवलत त्या ओळीवर उभी आहे. साध्या गाड्यांत शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडे 75 टक्के कमी होते, वातानुकूलित द्वितीय आणि प्रथम श्रेणीत 50 टक्के, आणि सोबत जाणाऱ्या एका व्यक्तीलाही तीच सवलत मिळते. करोनाच्या काळात ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली, पण ही चालू राहिली आहे. कार्ड हाती आले की त्याचा क्रमांक घालून घरबसल्या तिकीट काढता येते.

थिवी तुम्हाला जवळ पडेल, पण गाडी तिथे थोडाच वेळ थांबते. चौपायी काठी घेऊन चढायचे असेल तर मडगावहून, म्हणजे जिथे गाडी सुटते तिथून बसणे मला अधिक सुरक्षित वाटते. डिचोलीहून मडगाव लांब आहे हे मान्य, तरी घाईत पाय घसरण्यापेक्षा तासभर आधी निघालेले बरे.

डिचोलीकर

मांडवीकाठ, फिजिओताई, कोकणकन्या, सर्वांचे मनापासून आभार. वाचेची वेगळी तपासणी मागायची असते हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. आणखी दोन शंका आहेत. कार्ड येईपर्यंत चाकाची खुर्ची कुठून मिळेल का? आणि वडिलांच्या बँक खात्यातून पैसे काढताना सही जुळत नाही म्हणून शाखेतून परत पाठवतात. त्यावर काय करावे?

मांडवीकाठ

खुर्चीसाठी दोन वाटा आहेत. राष्ट्रीय वयोश्री योजना साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. तिच्यात दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना 15,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना चाकाची खुर्ची, वॉकर, चौपायी काठी विनामूल्य देतात आणि दिव्यांग टक्केवारीची अट नाही. वडील 66 वर्षांचे आहेत, तेव्हा ही आधी पाहा. दुसरी दिव्यांगांना साधने देणारी केंद्राची एडिप योजना. तिला 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते, पण उत्पन्नाची मर्यादा जास्त आहे: महिना 22,500 पर्यंत पूर्ण साहाय्य आणि 30,000 पर्यंत निम्मे. दोन्हींची साधने शिबिरांतून वाटतात, म्हणून पंचायतीत आणि समाजकल्याण खात्यात नाव देऊन ठेवा. गोवा सरकारच्या मासिक मानधनाच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत दिव्यांगांसाठी वेगळा गट आहे. त्यासाठी गोव्यातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, तो मामलेदारांकडून आताच काढून ठेवा. वडील त्याच योजनेत ज्येष्ठ म्हणून मानधन घेत असतील तर गट बदलून मागायचा, दुसरा अर्ज करायचा नाही.

बँकेचे सोपे आहे, फक्त लेखी मागा. आजारी किंवा असमर्थ खातेदाराच्या अंगठ्याच्या ठशावर पैसे देण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. ठशाची ओळख दोन स्वतंत्र साक्षीदारांनी पटवायची आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, त्यात या सूचनांचा उल्लेख करा, इस्पितळाच्या सारांशाची प्रत जोडा आणि पोच घ्या. वडिलांना शाखेत नेणे शक्य नसेल तर तेही त्याच अर्जात लिहा आणि अधिकाऱ्याने घरी येऊन ठसा घ्यावा अशी विनंती करा.