मदत हवी आहे: १९२९ च्या उठावातल्या इग्बो बायका नेमक्या कोण? लेकी की सुना?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटात पुढच्या वेळी बोलायचा नंबर माझा. विषय घेतलाय नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो बायकांचा १९२९ चा उठाव. इंग्रजांच्या दप्तरी ती 'आबाची दंगल', तिकडचे लोक मात्र 'बायकांचं युद्ध' म्हणतात. घटनाक्रम जमलाय, समाजरचनेशी अडलंय.

ओनित्शा, न्री असे अपवाद सोडले तर बहुतेक इग्बो गावांत राजा नव्हताच. भावकीचे (उमुन्ना) वडीलधारे आणि 'ओझो'सारखा मानाचा किताब मिळवलेले लोक सभेत बसायचे, खल करायचे, मग ठरायचं. इंग्रजांना हुकूम द्यायला एकच माणूस हवा, म्हणून त्यांनी 'वॉरंट चीफ' नेमले. सनद मिळाली, पण गावानं पाटील मानलंच नाही, अशी गत! १९२८ पासून पुरुषांवर कर बसला. १९२९ च्या नोव्हेंबरात ओलोको गावात मोजणीदार न्वान्येरुवा नावाच्या बाईकडे माणसं-शेळ्यामेंढ्या मोजायला गेला. तिनं उलट विचारलं, तुझ्या आईला मोजलं होतं का? बायकांवरही कर येणार असं समजून निरोपाची खूण म्हणून ताडाची पानं गावोगाव फिरली आणि हजारो बायका निघाल्या.

आता प्रश्न. एवढ्या लवकर जमल्या कोण? गावच्या माहेरवाशिणी, म्हणजे उमुआदा, की लग्न होऊन आलेल्या? आणि 'पुरुषावर बसणं' (बायकांनी जमून एखाद्याच्या दारात ठाण मांडणं) हा प्रकार तेव्हाच निघाला की जुना?

प्रतिसाद

दोन्ही गट वेगळे धरा, नाहीतर गोंधळ होईल. उमुआदांचा दरारा माहेरी. भावकीतलं भांडण मिटवायला, मयतीला त्या हक्कानं येतात आणि भावांनाही त्यांचं ऐकावं लागतं. सासरी त्याच बायका सुनांच्या सभेत असतात. बाजाराचे नियम, पिकांचं नुकसान, नवऱ्यांची वागणूक हे विषय तिथे निघत. तुमच्या उठावाचा कणा ही दुसरी सभा.

लवकर जमण्याचं कारण लग्नव्यवस्थेत आहे. भावकीत लग्न निषिद्ध, त्यामुळे एका गावातल्या सुना अनेक गावांच्या लेकी. त्यात चार दिवसांचा आठवडा (एके, ओरिये, आफो, न्क्वो), प्रत्येक वाराचे बाजार ठरलेले आणि तिथे बायकांचाच वावर. निरोपाला आणखी काय लागतं?

'बसणं' जुनंच. बायकोला छळणारा किंवा ज्याची गुरं बायकांच्या पिकात शिरतात असा माणूस सापडला, की साऱ्या जणी त्याच्या अंगणात जाऊन नाचायच्या, टिंगलीची गाणी म्हणायच्या, मुसळांनी भिंती ठोकायच्या, प्रसंगी छप्परही उतरवायच्या. तो वठणीवर येईपर्यंत उठायच्या नाहीत, आणि इतर पुरुष मध्ये पडत नसत. १९२९ ला त्या वॉरंट चीफवर 'बसल्या'. सरकारनं गोळीबार केला, पन्नासहून जास्त बायका मेल्या.

धागाकर्ती

खूप आभार! लेकी-सुनांचा हा मुद्दाच निसटत होता. आता एकच: त्यानंतर वॉरंट चीफ गेले, त्या जागी आलेल्या न्यायसभांत बायकांना जागा मिळाली का? कुणी वाचलं असेल तर सांगा.